बिनआवाजाचा पलंग

फोन पुढे करून ‘असाच पायजे’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याला बसवतो आणि पाणी देतो. कारण पुढचा अर्धा तास त्याचा हिरमोड होणार असतो. फोनमधल्या फोटोत पांढरीशुभ्र भिंत असते, डोक्याच्याही वर चढवलेला लोखंडी पलंग असतो, वर गादी, खाली टेबल-खुर्ची आणि कुंडीतलं झाड. फोटोत छत दिसत नाही. पंखा दिसत नाही. बुऱ्हाणपूरचा वैशाख तर दिसतच नाही.

पस्तीस वर्षं मी इथे इतवाऱ्यात, जुन्या गावात, लोखंडी फर्निचरचं दुकान चालवलं. कपाटं, कूलरचे स्टँड, झोपाळे, आणि गेली बारा-तेरा वर्षं हे उंच पलंग. आता दुकान मुलगा मंगेश बघतो. मी मागे खुर्ची टाकून बसतो आणि कुणी न विचारलेले सल्ले देतो. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे मास्तर दोन वर्षं मागे लागले होते, ‘दिगूभाऊ, तुमच्या त्या बिनआवाजाच्या पलंगाची गोष्ट लिहा, लोकांना आवडेल.’ लिहितो. आवडण्यासारखी ती नाही, हे मास्तरांना माहीत नाही. माझ्या घरचे सोडून बाकी सगळ्यांची नावं बदलली आहेत.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

उंच पलंग घ्यायला निघालात तर पहिल्यांदा छत मोजा. खाली माणूस बसून काम करील एवढी जागा, म्हणजे साडेपाच फूट, आणि वर गादीवर उठून बसता येईल एवढी, म्हणजे तीन फूट तरी. नव्या कॉलनीतल्या घरांत हे गणित कसंबसं बसतं. जुन्या घरांची छतं उंच, तिथे आरामात बसतं. मग पंखा बघा. छताचा पंखा काढून भिंतीचा लावायचा, यात वाद नाही. पंखा बंद असताना माप घेऊन गेलेलं एक गिऱ्हाईक मला माहीत आहे, त्याची उशी पात्यात गेली आणि घरभर कापूस झाला. डोकं गेलं नाही हे नशीब.

मग पाइप. लोकांना वाटतं गेजचा आकडा मोठा तर पाइप जाड. उलटं आहे. सोळा गेज जाड, वीस गेज पातळ. वीस गेजला रंग छान मारला की दिसायला दोन्ही सारखेच, आणि रंग मारून फसवणारे गावात आहेत. शिडीच्या पायऱ्या चपट्या घ्या, गोल पाइपच्या पायऱ्या तळव्यांना टोचतात. कठडा गादीच्या वर वीतभर तरी उरला पाहिजे, कारण लोक आधी पलंग घेतात आणि मग जाड गादी आणतात. आणि एकट्याचा घ्यायचा की मोठा, साडेचार फूट रुंदीचा, हे दुकानात ठरवू नका. घरी ठरवून या. दुकानात नवरा-बायकोचं त्यावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

निंबोल्याचे एक केळीवाले पाटील होते. मुलासाठी मोठा पलंग घ्यायला आले ते चार मजूर घेऊनच. ‘घड उचलणारी माणसं हायेत, यांना पेललं तर माझ्या पोराला पेलेल,’ म्हणाले आणि चौघांना वर चढवलं. चौघं वर मांडी घालून बसले, एकानं तर चहाही तिथेच मागवला. पलंगानं हू की चू केलं नाही. पाटील खूश. पण घर त्यांचं स्लॅबचं. उन्हाळ्यात छत भट्टी होतं आणि वर झोपणारा भाजून निघतो, हे मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं. पोरगा दोन रात्रींत खाली आला. आता त्या पलंगावर लग्नकार्याची भांडी आणि लाल भोपळे असतात. पाटील अजून भेटले की म्हणतात, ‘भाऊ, पलंग मजबूत हाये पण.’

असे किस्से मी पन्नास सांगू शकतो आणि आतापर्यंत तेच सांगत आलो. आता जो सांगायचा आहे तो टाळतोय, हे माझ्याही ध्यानात आलं आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एक कुटुंब राहायचं. माडीवर एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढंच घर. आई-वडील, मुलगा नितीन आणि शाळेत जाणारी त्याची बहीण. नितीन कापडाच्या दुकानात काउंटरवर होता. त्याचं लग्न ठरलं, मुलगी जसोंडीची, अर्चना. घरात माणसं पाच होणार आणि खोली एक. छत मात्र अकरा फूट.

नितीन आईला घेऊन माझ्याकडे आला. मी घरी जाऊन माप घेतलं आणि सांगितलं, मोठा पलंग घ्या, उंच, चारही बाजूंनी पडद्याची सळई देतो. खाली बहिणीचं अभ्यासाचं टेबल बसेल. आई-वडील पलीकडच्या भिंतीशी झोपतील. नव्या जोडप्याला जमिनीवर खोली नाही तर वर तरी मिळेल. नितीनच्या आईचे डोळे भरून आले. ‘भाऊ, तुम्ही तर पोराचा संसारच मांडून दिला,’ म्हणाली. मला ते बोलणं फार आवडलं. त्यानंतर चार-पाच गिऱ्हाइकांना मी ते ऐकवलं असेल.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. आमच्या जुन्या गावातले जिने असे की कपाट सुद्धा आडवं होत नाही. त्यामुळे इतवाऱ्यात जाणारा माल सगळा सुटा करायचा, वर नेऊन नट-बोल्टनं जोडायचा. वेल्डिंग केलेला सांधा मुका असतो. बोल्टचा सांधा लोखंडावर लोखंड घासतो, थोडी जागा उरली की कुरकुरतो. हे मला ठाऊक होतं. म्हणून जोडून झाला की पलंग हलवून बघायचा, हा माझा नियम होता.

त्यांच्या घराखाली चार लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. इथे निम्मं गाव लूमच्या खडखडाटात राहतं. आम्ही बोलतो तेही जरा ओरडूनच, बाहेरगावचे पाहुणे विचारतात भांडण कशावरून झालं. त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी पलंग जोडला, खाली चारही लूम जोरात. मी पलंग धरून गदागदा हलवला, नितीन वर चढून उड्या मारून आला. काही ऐकू आलं नाही. येणार कसं. मी हात झटकले आणि म्हणालो, ‘एकदम ओके.’

लग्न झालं. पंधरा दिवसांनी अर्चना दुकानात आली, सोबत तिची ती नणंद. दुपारची वेळ, दुकानापुढच्या बाकावर आमची नेहमीची चौकडी चहा घेत बसलेली. मी तिला ओळखलं नाही, नणंदेवरून ओळखलं. ती डोक्यावरचा पदर सावरत अगदी हळू म्हणाली, ‘काका, तो पलंग वाजतो.’

नव्या सुनेला हे सांगायला यावं लागलं, नवऱ्याला नाही, सासूला नाही, यावरून मला काही कळायला हवं होतं. घरात तो विषय कुणी काढू शकत नव्हतं. नितीनला आईसमोर तोंड उघडवत नव्हतं, आई ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. तिनंच सगळी लाज बाजूला ठेवून दोन गल्ल्या चालत माझ्यापर्यंत यायचं धाडस केलं होतं.

आणि मी बाकाकडे बघून म्हणालो, ‘नवं लग्न, नवा पलंग. वाजणारच. दोन महिन्यांत दोघंही गप होतील.’

बाकावरचे खो खो हसले. एकाच्या नाकात चहा गेला. ती शाळकरी पोर, तिला काही कळलं नव्हतं, सगळे हसले म्हणून तीही हसली. अर्चना काही तरी बोलणार होती, तिचं तोंड अर्धवट उघडलेलं मला अजून दिसतं. मग तिनं मान खाली घातली, ‘बरं’ म्हणाली आणि नणंदेचा हात धरून गेली.

मला वाटलं काय फर्मास बोललो आपण. खरं सांगतो, तेव्हा असंच वाटलं. संध्याकाळपर्यंत मी स्वतः तो विनोद आणखी तिघांना सांगितला. बाकीचं काम बाकावरच्यांनी केलं. इतवाऱ्यात गोष्ट पसरायला दोन दिवस पुरतात. नितीन कापडाच्या दुकानात शिरला की बाजूचे लोक काउंटरवर बोटं वाजवायचे. ‘काय नितीनभाऊ, पलंग काय म्हणू राहिला?’ असं कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सुद्धा विचारून जायचं.

हे सगळं मला पुढे कळलं, माझ्या बायकोकडून. कुसुम कुणाकडे तरी पापड लाटायला गेली होती, तिथे बायकांत हाच विषय. घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

‘त्या पोरीला तुम्ही काय बोलले?’

‘गंमत केली जरा.’

‘गंमत. तिची सासू तिलाच बोलली, कुळाची अब्रू घेऊन दुकानात कशाला गेली म्हणून. नवरा रात्री लूमवाल्यांकडे जाऊन झोपतो. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायची. परवा बाप येऊन जसोंडीला घेऊन गेला. लग्नाला दीड महिना नाही झाला अजून. परत पाठवतात की नाही ते माहीत नाही.’

मी म्हणालो, ‘मला काय माहीत एवढं होईल.’

कुसुम म्हणाली, ‘तुम्हाला लोखंडाचा आवाज तरी कुठे कळला होता.’ मग ती स्वयंपाकघरात गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी तेव्हाच जायला हवं होतं. जसोंडी काही लांब नाही, पण मी गेलो नाही. आपण गेलो तर आणखी चर्चा होईल, असं मनाला समजावलं. भीती वाटत होती हे खरं कारण. 

सव्वा महिन्यानं कळलं, ती परत आली. मग मात्र मी पाने घेतले, बोल्ट घेतले आणि एका दुपारी त्यांच्या माडीवर गेलो. नितीनच्या आईनं दार उघडलं. ‘या’ म्हणाली नाही, बाजूला झाली. अर्चना स्वयंपाकघरात होती, मला बघून तिनं दार लोटून घेतलं. खाली लूम चालू होते.

पलंगाजवळ गेलो तर सगळ्या सांध्यांवर काही तरी गुंडाळलेलं. कापडाच्या कडेची कापून टाकलेली पट्टी असते ना, लूमवाले पोत्यात भरून फेकतात ती. प्रत्येक बोल्ट सैल करून, पाइप आणि पाइप यांच्या मधे पट्टीची घडी सारली होती, बोल्ट परत आवळला होता, आणि वरून पट्टीचे वेढे देऊन टोक आत खोचलं होतं. चोवीस सांधे. सगळे वेढे एकाच दिशेनं, एकसारखे. मी तिथे उभा असतानाच लाइट गेली. चारही लूम एकदम थांबले. मी पलंगाला हात घातला आणि हलवला. आवाज नाही. जोर लावून हलवला, तरी नाही. माझ्या पिशवीतले पाने तेवढे खणखणले.

‘हे कुणी केलं?’ मी विचारलं.

‘तिनंच,’ सासू म्हणाली. ‘माहेराहून आली आणि तीन दिवस हेच करत बसली. पाना खालून लूमवाल्यांचा आणला.’ तिच्या आवाजात मला थोडा अभिमान जाणवला, म्हणजे घरात काही तरी सावरलं होतं. जे मी मोडत आणलं होतं ते त्या मुलीनं चिंध्यांनी बांधून घेतलं होतं.

मी माफी मागायला गेलो होतो. घरून वाक्य सुद्धा ठरवून निघालो होतो. लोटलेल्या दाराकडे बघितलं, आणि ‘बरं केलं’ एवढं बोलून जिना उतरलो.

आणि मग मी काय केलं ते ऐका. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पलंगाचं काम होतं. मी लूमवाल्याकडून पोतंभर पट्टी आणली आणि त्या पलंगाच्या सगळ्या सांध्यांत भरली. गिऱ्हाईक आठवड्यानं पेढे घेऊन आलं, ‘भाऊ, काय युक्ती काढली.’ मी म्हणालो, ‘अनुभव आहे.’ त्यानंतर माझ्या पलंगाचं नाव झालं. खंडव्यापासून लोक येतात. मंगेशनं दुकानावर पाटीच लावली आहे, बिना आवाज़ का पलंग. पेढे मी खाल्ले, नाव मी लावलं, आणि कुणी विचारलंच तर लूमच्या गावात राहून सुचलं असं सांगत आलो. बारा वर्षं सांगत आलो.

गेल्या महिन्यात दुपारी दुकानात एक बाई आल्या, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात फोन, फोनमध्ये फोटो. मंगेश पुढे झाला. मी मागे खुर्चीत. बाकावर दोघं-तिघं होतेच. चौकडीतले आता दोनच उरले आहेत, बाकी नवे.

‘हिच्यासाठी पाहिजे. नवीन घर घेतलं, हिला खोली आहे,’ बाई म्हणाल्या. आवाजावरून मी ओळखलं. त्या दुपारी ती जेमतेम चार शब्द बोलली होती, पण मी ओळखलं.

मंगेश सुरू झाला. ‘मॅडम, सोळा गेज आहे, वजन बघा हवं तर. आणि हमारी खासियत ही, की आवाज नाही. हलवून बघा. बारीक सा भी नाही.’

तिनं हलवला. कान जवळ नेऊन परत हलवला. मग सांध्यावरची प्लास्टिकची टोपी नखानं काढली आणि आत बोट घातलं.

‘लूमची पट्टी आहे ना?’

‘हो. पप्पांची आयडिया आहे. पेटंट समजा.’

अर्चनानं वळून माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत होतो तिथेच होतो. बाकावरचे ऐकत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, बारा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं, आणि माझी जीभ उचलेना.

ती मंगेशला म्हणाली, ‘कोरडीच बांधता का?’

‘हो, सूखीच.’

‘ओली करून बांधा. वाळली की आवळून बसते. कोरडी बांधलेली दोन-तीन वर्षांत ढिली पडते.’ मग तिनं मोठा पलंग ठरवला. मुलीला एकटीला लहान पुरेल, असं मंगेश म्हणाला, तर तिनं सांगितलं, ‘नको. कधी मीही वर जाऊन झोपेन.’ पत्ता देऊन ती गेली.

मंगेश म्हणाला, ‘पप्पा, यार, इन को कैसे पता? ओली करायची ट्रिक तर आपल्यालाही माहीत नव्हती.’

मी म्हणालो, ‘असेल कुठून तरी माहीत.’

हे मी म्हणालो. सत्तरीला आलेला माणूस, समोर पोटचा मुलगा, आणि तेव्हाही खरं निघालं नाही तोंडातून. त्या रात्री जेवलो नाही. कुसुमनं कारण विचारलं नाही, मंगेशच्या बोलण्यावरून तिनं ओळखलं होतं कोण आलं होतं ते.

पलंग पोहोचवायला मी स्वतः गेलो. मंगेश नको म्हणत होता, पण गाडी घेऊन तोही आला. नवं घर चांगलं आहे, जिना रुंद. खाली लूम नाही. मी बादलीत पाणी मागितलं, पट्ट्या भिजवल्या आणि एकेक सांधा स्वतः बांधला. हात भरभर चालत नाहीत आता, चोवीस सांध्यांना तीन तास लागले. नितीन होता, मुलगी होती, शेजारच्या दोन बाया बघायला आल्या होत्या. झाल्यावर मी मंगेशला म्हणालो, ‘ही युक्ती माझी नाही. बारा वर्षांपूर्वी हिनं केली, मी हिच्या घरी पाहिली आणि आपली म्हणून विकली.’

मंगेशनं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मुलगी म्हणाली, ‘मम्मी, सच्ची?’ अर्चना हसली. नितीन मात्र खिडकीतून बाहेर बघत राहिला, त्याला पुढचं काही निघू नये असं वाटत असावं.

पुढचं मी काढू शकलो नाही. त्या दिवसाची माफी चारचौघांत मागायला हवी होती, कारण बोललो होतो चारचौघांत. पण मागायची तर तो विनोद परत उच्चारावा लागला असता, आणि समोर तिची मुलगी उभी होती. मी बादली उचलली आणि निघालो.

अर्चना फाटकापर्यंत आली. मंगेश गाडीकडे गेला होता. ती म्हणाली, ‘काका, त्या दिवशी मी तक्रार घेऊन आले नव्हते. रबराचे वायसर मागायला आले होते. बोल्टमध्ये टाकायच्या चकत्या. आमच्या बाबांच्या पंपाला असतात, म्हणून मला माहीत होतं. चोवीस पाहिजे होते, मोजून आले होते.’

ती रागानं बोलली नाही. मला माहीत नसेल म्हणून सांगितलं, एवढंच.

वायसरांचा डबा तेव्हा पैशाच्या गल्ल्याशेजारी असायचा, माझ्या उजव्या हाताशी. आजही तिथेच आहे.